‘वॉव’ सिग्नलमधील ‘६ईक्यूयूजे५’ हा परग्रहवासीयांचा संदेश होता का?

या अक्षरांपुरते उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. सिग्नल कोणी किंवा कशाने पाठवला, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ‘बिग इअर’ नावाची रेडिओ दुर्बीण होती. तिने १५ ऑगस्ट १९७७ रोजी टिपलेल्या नोंदींचे छापील कागद काही दिवसांनी खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन चाळत असताना, एका उभ्या रकान्यात त्यांना ही सहा चिन्हे दिसली. त्यांनी त्यांच्याभोवती लाल शाईने रेघ ओढली आणि समासात ‘वॉव!’ असे लिहिले. नाव पडले ते त्यावरूनच.

त्या कागदावर प्रत्येक उभा रकाना म्हणजे वारंवारतेचा एक अरुंद पट्टा आणि प्रत्येक ओळ म्हणजे बारा सेकंद. लहरीची तीव्रता एकाच चिन्हात बसवायची असल्याने नवापर्यंत आकडे आणि पुढे दहासाठी ए, अकरासाठी बी अशी अक्षरे छापली जात. रिकामी जागा म्हणजे नेहमीची खरखर. तेव्हा ही चिन्हे ६, १४, २६, ३०, १९, ५ अशी वाचायची. यात कोणतीही सांकेतिक भाषा नाही.

हा चढ-उतारसुद्धा बहुधा पाठवणाऱ्याचा नाही, दुर्बिणीचाच आहे. बिग इअर जागेवर स्थिर असे आणि पृथ्वी फिरेल तसे आकाश तिच्यासमोरून सरके. आकाशातील एखादा बिंदू तिच्या टापूत शिरून बाहेर पडायला साधारण ७२ सेकंद लागत. म्हणजे बरोबर सहा ओळी. स्रोत खरोखरच दूर आकाशात असावा, असे वाटायला लावणारा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. शिवाय वारंवारता १४२० मेगाहर्ट्झच्या जवळची, म्हणजे हायड्रोजन वायूतून निसर्गतः निघणाऱ्या रेडिओ लहरीची होती आणि परग्रहावरचे कोणी बोलले तर याच वारंवारतेवर बोलेल, असे कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच सुचवले होते.

अडचण अशी की दुर्बिणीला शेजारी-शेजारी दोन ‘शिंगे’, म्हणजे लहरी टिपणारे शिंगाच्या आकाराचे भाग, होती आणि टिकून असलेला स्रोत काही मिनिटांच्या अंतराने दोन्हींत दिसायला हवा होता. तो एकातच दिसला. पुढे तीच जागा अनेकदा, अधिक संवेदनशील दुर्बिणींनीही तपासली गेली, पण काही सापडले नाही. धूमकेतूपासून हायड्रोजनच्या ढगापर्यंत अनेक खुलासे मांडले गेले; त्यांतील धूमकेतूचा तर मला मुळीच पटत नाही. जे एकदाच घडले आणि पुन्हा तपासता येत नाही, त्याला मी पुरावा म्हणणार नाही.

बिग इअर एकटी होती, ही तिची खरी मर्यादा. आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. एकच लहर निरनिराळ्या अँटेनांवर किती फरकाने पोहोचते, यावरून ती आकाशाच्या कोणत्या बिंदूतून आली हे सांगता येते आणि जवळपासच्या यंत्राची खरखर बरीचशी बाजूला काढता येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या स्कियापरेली यानाचा क्षीण सिग्नल याच दुर्बिणीने पृथ्वीवरून ऐकला होता आणि उतरण्याच्या ऐन शेवटच्या टप्प्यात तो थांबल्याचेही तिथे लक्षात आले होते.