बोलतो भरपूर, पण संवाद जुळत नाही

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याचे उच्चार स्पष्ट आहेत आणि ग्रहताऱ्यांविषयी तो तासभर बोलू शकतो. परंतु समोरच्या मुलाने काही विचारले, तरी आपलेच सांगत राहतो. खेळात यायचे असले की मुलांचा चेंडू उचलून पळतो आणि भांडण होते. शाळेने स्पीच थेरपी सुचवली आहे. एवढे बोलणाऱ्या मुलाला तिचा काय उपयोग?

उत्तर : स्पीच थेरपी म्हणजे केवळ तोतरेपणा किंवा सदोष उच्चार सुधारणे, असा समज रूढ आहे, म्हणून तुमचा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र भाषा येणे वेगळे आणि ती चारचौघांत वापरता येणे वेगळे. आपली पाळी केव्हा, समोरच्याला आधीपासून काय ठाऊक आहे, तो कंटाळला आहे का, हे ओळखणे बहुतेक मुले न शिकवता उचलतात; काहींना ते पायरीपायरीने शिकवावे लागते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत या अडचणीला स्वतंत्र स्थान मिळाले. तथापि अशी लक्षणे स्वमग्नतेत आणि अतिचंचलतेतही दिसत असल्याने पत्रावरून निदान करणे मला योग्य वाटत नाही. आधी श्रवणचाचणी करून घ्यावी आणि थेरपिस्टने मुलाला इतर मुलांसोबत खेळतानाही पाहावे, असा आग्रह धरावा.

चेंडू घेऊन पळणे हा माझ्या मते खोडकरपणा नसावा. 'मलाही खेळायला घ्या' हे सांगण्याची त्याला सापडलेली ती एकमेव रीत असावी. थेरपिस्ट याचे लहान तुकडे करतात : जवळ जाऊन थांबणे, कोणता खेळ चालला आहे ते पाहणे, डाव थांबला की 'मी पण येऊ?' असे विचारणे. मुले 'नको' म्हणाली तर काय करायचे, हेही शिकवावे लागते आणि नेमके तेच अनेकदा राहून जाते. हा सराव आधी बाहुल्यांशी, मग थेरपिस्टशी आणि नंतर एखाद्याच सवंगड्याबरोबर होतो.

ग्रहांचा विषय मात्र बंद करू नका, कारण संवादाची वाट तिथूनच निघणार आहे. एक मऊ चेंडू घ्या. ज्याच्या हातात तो असेल त्याने एकच वाक्य बोलायचे आणि चेंडू पुढे द्यायचा. प्रश्नांची सरबत्ती न करता 'मला शनीची कडी फार आवडतात' एवढेच म्हणा, चेंडू द्या आणि मनात दहा आकडे मोजा. ही शांतता मोठ्यांनाच जड जाते, पण उत्तर जुळवायला त्याला तेवढा अवधी हवा असतो.

'डोळ्यांत बघून बोल' असा धोशा कृपया लावू नये. अनेक मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, नजर भिडवणे त्रासाचे होते आणि मग ऐकण्यावरचे लक्षच उडते. त्याला समोरच्याची दखल घेता यावी, एवढेच आपल्याला हवे आहे. वर्गातील मुलांनाही त्याच्याशी थांबून कसे बोलावे, हे शिक्षकांनी समजावून सांगावे. सारे ओझे एकट्या त्याच्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

किती काळ लागेल, हे मुलागणिक बदलते, पण हिशेब आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा धरावा. थेरपीच्या खोलीत जमलेली गोष्ट मैदानावर आपोआप उतरत नाही. म्हणून सत्रात स्वतः बसण्याची परवानगी मागा आणि घरी एका वेळी एकच गोष्ट घ्या. सुरुवातीला 'मी पण येऊ?' एवढेच पुरे. ते त्याने मैदानावर कोणी आठवण न करून देता विचारले, की मग पुढची पायरी घ्यावी.