ऑफिसातले पुरुष सहकारी नावाऐवजी ‘छमिया’ म्हणून हाक मारतात. हसून सोडून द्यावं का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात चौदा माणसं, त्यात बाई तुम्ही एकट्या. बुकिंगवरच्या एकाने ‘छमिया’ म्हणायला सुरुवात केली आणि आता हमालांपासून मालकाच्या मेहुण्यापर्यंत सगळे तेच म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच. चिडलात तर ‘हिला मजाक समजत नाही’ म्हणतील आणि घरी सांगितलं तर ‘सोड ती नोकरी’ म्हणतील, ही भीती आहे.

सोडून देऊ नका. मी हिंगणा एमआयडीसीत बरीच वर्षं स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळलं, आणि आता जिथे आहे तिथे तक्रार समितीवर काम करते. दोन्हीकडून हा प्रकार पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीच्या कंपनीत मला ‘हिरोईन’ म्हणायचे. कान बधिर झाले की त्रास संपतो असं मला वाटायचं, आणि राग खरंच काही महिन्यांत ओसरला. पण नुकसान दुसरीकडेच होत होतं. बाहेरून येणारे ड्रायव्हर गेटवर विचारायचे, “हिरोईन मॅडम का साइन हुआ क्या?” गेटपासवर सही माझी, स्टॉकचा हिशेब माझा, पण रायपूरच्या पार्टीला माझं नाव ठाऊक नव्हतं. माल कमी भरला तर “हिरोईनला विचारा”, आणि महिनाअखेरीला स्टॉक अचूक जुळला तर “डिस्पॅचच्या पोरांनी चांगलं काम केलं”. पुढे शिफ्ट इन्चार्जची जागा निघाली तेव्हा मॅनेजर म्हणाले, गाडीवाले हिचं ऐकतील का? ज्यांनी हे नाव पाडलं, तेच त्या मीटिंगला माना डोलावत बसले होते.

म्हणून ‘मनावर घेऊ नको’ हा सल्ला मला पटत नाही. असं नाव मनाला लागो वा न लागो, ते बढतीच्या वेळी, पगारवाढीच्या वेळी, पार्टीशी व्यवहार करायच्या वेळी तुमच्या आड येतं. तुम्ही बिल्ट्या, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावत्या, करता, भाड्याचा हिशेब ठेवता. उद्या तुम्हाला ब्रँच सांभाळायची असेल, तर कळमना बाजारातल्या व्यापाऱ्याला तुमचं आडनाव माहीत असायला हवं.

आता तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल, की आपल्या नागपुरात असंच बोलतात, आम्ही तर सगळ्यांनाच नावं ठेवतो. यात थोडं खरं आहे. इथे ‘काय बे’शिवाय दोस्ती सुरू होत नाही, आणि टकल्या, लंबू, मामू यांच्याशिवाय एकही ऑफिस नसेल. मला हे बोलणं आवडतं, मी याच बोलीत वाढले. पण एक गोष्ट बारकाईने पाहा. हेड ऑफिसचा माणूस आला की टकल्याचा लगेच ‘ठाकरे साहेब’ होतो. तुमचं मात्र पाहुण्यासमोरही तेच राहतं, उलट पाहुण्याला हसवायला मुद्दाम घेतलं जातं. शिवाय टकल्या उलट शिवी घालू शकतो आणि संध्याकाळी त्याच पोरांबरोबर तर्री-पोहे खाऊ शकतो. ‘छमिया’ला उलट काय म्हणणार? त्या शब्दात तुमच्या शरीराकडे पाहायची परवानगी त्यांनी स्वतःच घेतलेली आहे. या दोन गोष्टी सारख्या नाहीत, आणि मनातल्या मनात ते बहुतेकांना कळतंही.

बोलायचं कसं? जो काम सांगायला येतो त्याच्याशी, कामाच्या टेबलावर, काम चालू असताना बोला. “भाऊ, मला माझ्या नावानं हाक मारा. ते दुसरं मला चालत नाही.” एवढंच. हसू नका, माफी मागू नका, कारण सांगू नका. आपल्याला लहानपणापासून कडू बोलणं हसून बोलायची सवय लावलेली असते, आणि त्या हसण्यानेच समोरच्याला वाटतं की अजून चालतंय. तो म्हणेल, “काहून चिडता मॅडम, मजाक केली ना.” तर म्हणायचं, “मला नाही आवडली. अमरावतीची बिल्टी द्या.” आणि कामाला लागायचं. वाद तिथेच तोडायचा, नाहीतर पाच जण गोळा होतात आणि तुमचा चेहरा लाल झाला यावरच पुढचा आठवडा हशा चालतो.

त्यानंतर त्या नावाने मारलेल्या हाकेला ओ द्यायची नाही. मान वर करायची नाही. तीनदा हाक मारून शेवटी तो खऱ्या नावाने बोलावतो, तेव्हा लगेच, अगदी नेहमीच्या सुरात उत्तर द्यायचं. पहिले काही दिवस फार अवघड जातात. गाडी उभी असते, हमाल खोळंबलेले असतात आणि ‘बाई भाव खाते’ असं ऐकू येतं. तरीही. ग्रुपवर त्या नावाने काम टाकलं तर तिथेच लिहायचं, “माझ्या नावाने लिहा, म्हणजे काम कोणाचं ते स्पष्ट राहील.”

सुरुवात करणाऱ्याच्या मागे फार लागू नका. तो बहुतेक वेळा शेवटी बदलतो. जे नुसते सवयीने म्हणतात, त्यांच्याकडे आधी वळा. प्रत्येक ऑफिसात एखादे वयस्क काका असतात, त्यांच्या तोंडीही ते नाव बसलेलं असतं, पण मनात वाईट काही नसतं. त्यांना एकट्यात गाठून सांगा, “काका, तुम्ही म्हणता तेव्हा मला जास्त लागतं.” माझ्याकडे असे एक इनवर्डचे, म्हणजे आत येणारा माल पाहणारे, काका होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर मला आडनाव घेऊन ‘मॅडम’ म्हटलं. कुणाला काही शिकवलं नाही, पण ते म्हणाल्यावर हमाल पोरांनीही ते नाव सोडलं. हसणारे कमी झाले की नाव पाडणारा एकटा पडतो.

एवढ्याने भागलं तर उत्तम. पण भागणार नाही असं धरून पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा: तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, समोर कोण होतं, तुम्ही काय उत्तर दिलं. ग्रुपमधल्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कारण कंपनीचा फोन कधीही परत मागतात. घरी सांगायचं नसेल तर एखाद्या मैत्रिणीला त्याच संध्याकाळी मेसेज करा. तो मेसेजही पुढे पुरावा म्हणून उभा राहतो.

मग मालकाला लेखी द्या, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप काहीही चालेल. उदाहरणार्थ: “ऑफिसात मला नावाऐवजी अमुक शब्दाने बोलावलं जातं. हा शब्द लैंगिक अर्थाचा आहे आणि मला तो मान्य नाही. अमुक तारखांना मी संबंधितांना तोंडी सांगितलं आहे. ग्रुपमधले मेसेज सोबत जोडते. हे थांबवण्याची सूचना सर्वांना द्यावी.” रडगाणं नको, धमकीही नको. ‘मला मान्य नाही’ हे शब्द मात्र असलेच पाहिजेत.

का, ते सांगते. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे पुण्यातल्या एका प्रकरणाचा निकाल लागला. ट्रेनिंगच्या वेळी एका सहकाऱ्याने एका बाईच्या लांब केसांवर शेरा मारला होता, केस आवरायला जेसीबी लागत असेल अशा अर्थाचा, आणि केसांवरचं गाणंही म्हटलं होतं. न्यायालय म्हणालं, हे आरोप खरे धरले तरी याला लैंगिक छळ म्हणणं कठीण आहे. त्या वेळी त्या बाईंनी स्वतः ते तसं घेतलं नव्हतं, हेही न्यायालयाने विचारात घेतलं. मला हा निकाल वाचून वाईट वाटलं, पण तो आहे हे समजूनच चालावं लागतं. एकदा मारलेला शेरा आणि रोज, अनेकांच्या तोंडी, तुम्ही नको म्हटल्यावरही चालणारं नाव यांत फरक आहे. तो फरक कागदावर दिसायला हवा.

दुसऱ्या बाजूचीही उदाहरणं आहेत. शेजारणीला ‘छम्मकछल्लो’ म्हणणाऱ्या माणसाला ठाण्याच्या न्यायालयाने 2017 मध्ये दोषी ठरवलं, कारण आपल्याकडे हा शब्द बाईचा अपमान करायलाच वापरतात. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि एक रुपया दंड, आणि घटना होती 2009 ची. ती बाई आठ वर्षं तारखांना उभी राहिली, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ड्युटीवरच्या महिला कॉन्स्टेबलला अनोळखी माणसाने ‘डार्लिंग’ म्हणणं हा गुन्हाच मानला. तेव्हा ‘नुसता शब्द तर आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते कायद्याला धरून नाही.

तुम्हाला कोर्टात जायची गरज बहुधा पडणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा यासाठीच आहे. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी त्यात स्पष्ट लिहिलेली आहे, आणि कामाचं वातावरण अपमानास्पद किंवा दहशतीचं करणंही त्यात येतं. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि माणसं मोजताना कंत्राटी, रोजंदारीवाले सगळे धरायचे. समितीची अध्यक्ष बाईच असते, निम्म्या तरी सदस्य बायका असाव्या लागतात आणि एक सदस्य बाहेरचा. ऑफिसात दुसरी बाई नाही ही सबब चालत नाही, अध्यक्ष दुसऱ्या शाखेतूनही आणता येते. समिती नेमलीच नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मालकाला हे माहीत नसेल तर ईमेलमध्ये शांतपणे विचारा, “आपल्याकडची अंतर्गत समिती कोणती?” कित्येकदा या एका वाक्यानेच ऑफिसचा सूर बदलतो.

तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. त्यासाठी सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवरही तक्रार टाकता येते. तक्रार कुठेही केली तरी शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते, आणि तेवढ्या काळात तुमच्या कामाचा अहवाल ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने लिहू नये अशी मागणी तुम्ही लेखी करू शकता.

समितीवर बसल्यावर बायकांच्या मनात सगळ्यात मोठी भीती मला एकच दिसली: सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल. कायदा असं म्हणत नाही. पुरेसा पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून, वाईट हेतूने खोटी तक्रार केली हे वेगळी चौकशी करून सिद्ध व्हावं लागतं. आणि तुमचं नाव बाहेर फोडायची समितीला मनाई आहे.

शिक्षा नको, फक्त हे थांबायला हवं, असं वाटत असेल तर तुम्ही मागितलात तर समेटाचाही मार्ग आहे. मात्र पैसे घेऊन समेट करता येत नाही, आणि तुम्हाला समेट करायला कुणी भागही पाडू शकत नाही.

घरच्यांबद्दल: ‘सोड नोकरी’ म्हणतील म्हणून न सांगणाऱ्या मुली मी खूप पाहिल्या. सांगाल तेव्हा त्रासासोबत तुम्ही काय करताय तेही सांगा, “मी लेखी दिलंय, उत्तराची वाट बघतेय.” मग घरच्यांनाही कळतं की तुम्ही पळ काढायचं विचारत नाही आहात. माझ्या आईचा सूर याच वाक्यानंतर बदलला होता.

आणि खरंच दुसरी चांगली नोकरी मिळाली, जावंसं वाटलं, तर जा. फक्त लेखी तक्रार आधी द्या, राजीनामा नंतर. अनुभवपत्रावर तुम्ही केलेलं बुकिंग आणि हिशेबाचं काम नीट नमूद करून घ्या. नोकरी सोडल्यावरही मुदतीच्या आत तक्रार करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि मालक ‘आता तू आमच्याकडे नाहीस’ म्हणून ती नाकारू शकत नाही.