"मॅडम, त्याला परत ये म्हणू का?"

हा प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या आसपास येतोच. सप्टेंबरमध्ये पोरं बॅगा भरून परदेशी शिकायला जातात, पहिला महिना फोटो टाकण्यात जातो, आणि नोव्हेंबर लागला की आई-बाबा ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या क्लिनिकचा जिना चढतात. (परवानगी घेऊन लिहितेय, ओळखू येतील असे तपशील बदललेत.)

या ताई पाचपाखाडीच्या. मुलगा जर्मनीत मास्टर्सला. ताई बसल्या, पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला आणि बघते तर काय, व्हिडिओ कॉल चालूच! स्क्रीनवर नुसतं पांढरं छत. "तो असतोच हो, मी पोळ्या लाटते तेव्हा पण असतो, बोलतो असं नाही, पण असतो." आधी तो कॉल बंद करायला लावला, तेव्हा ताईंचा चेहरा असा झाला की जणू मी पोराचं नाव काढून टाकायला सांगितलंय.

मग मुलाशी वेगळं बोलले, ऑनलाइन. त्याने हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलेलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, म्हणजे ठाण्यात रात्री नऊला पानं वाढली की त्याच्याकडे दुपारचे साडेचार, आणि हा तेव्हाच जेवायचा. अकराला घरचे झोपले की त्याच्याकडे साडेसहा, बाहेर काळोख आणि पुढची अख्खी संध्याकाळ मोकळी, काय करणार? रडायचा, नाहीतर झोपायचा.

कॉलेजचंही तसंच. इथे हजेरी कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट लागते, आईला फोन जातो. तिथे बऱ्याच लेक्चरना हजेरीच नसते, परीक्षेचं रजिस्ट्रेशनसुद्धा आपणच मुदतीत करायचं, कोणी आठवण करत नाही. याने त्याचा अर्थ काढला की मी असलो काय नि नसलो काय, कोणाला फरक पडत नाही. वर्गातली मुलं कॉफीला बोलवायची तर हा मनात गुणाकार करायचा, दोन युरो म्हणजे दोनशे रुपये, बाबांनी लोन काढलंय, नको. अरे, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो भरलेत, महिन्याला 992 मिळतात ते जगायलाच ना! मी म्हटलं, त्यातले तीस युरो "माणसांसाठी" बाजूला काढ, त्याचे रुपये करायचे नाहीत.

ताईंना मात्र एकच भीती, इतके दिवस झाले तरी रमत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय. खरं तर 1955 साली लिसगार्ड नावाच्या नॉर्वेजियन अभ्यासकाने अमेरिकेत राहून आलेल्या लोकांबद्दल लिहिलंच होतं की सुरुवात छान, मग घसरण, मग हळूहळू सावरणं. सगळ्यांचं अगदी तसंच होतं असं नाही, काहींचा तर पहिलाच आठवडा वाईट जातो. पण झोप-जेवण उडालं, आंघोळ सुटली, मरायच्या गोष्टी निघाल्या तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची, युनिव्हर्सिटीकडे समुपदेशक असतात. ते सगळं त्याला खोदून विचारलं, तसं नव्हतं.

मग ठरवलं काय, तर घड्याळ तिकडच्या वेळेवर, आणि मोठा कॉल फक्त रविवारी, कारण तिथे रविवारी दुकानंही बंद, तो दिवस अंगावर येतो. मधे एकदा पाच मिनिटं. आणि सातला कॉमन किचनमध्ये स्वयंपाक! हे त्याला सगळ्यात जड गेलं, फोडणीचा वास जाईल म्हणून तो दुपारी कोणी नसताना उरकायचा. पहिल्याच दिवशी खिचडी खाली लागली, हा ओशाळून पातेलं भिजत घालणार तेवढ्यात शेजारच्या खोलीतला इराणी मुलगा चमचा घेऊन आला, त्यांच्याकडे म्हणे तळाची खरवडच मानाची असते, तिला तहदीग म्हणतात. दोघांनी उभ्यानेच पातेलं खरवडून खाल्लं. हे मला त्याने दोनदा सांगितलं.

जानेवारीत ताईंचा फोन, आवाज जरा फुगलेला. "रविवार असून चार मिनिटांत ठेवला हो त्याने, कोणीतरी जेवायला बोलावलंय म्हणाला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार, ह्यांना घेऊन तलावपाळीला चक्कर मारली. किती महिन्यांनी गेलो."

फोन घरीच राहिला होता म्हणे.