विधेयकाची वाट पाहताना मुलीचा कायदेशीर दर्जा गमावू नका

एडिसन, न्यू जर्सी येथून एक वडील लिहितात : ‘माझी मुलगी चौथीपासून अमेरिकेत शिकली. ती आता कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला असून एच-४ व्हिसावर (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या २१ वर्षांखालील मुलांना मिळणारा व्हिसा) आहे. येत्या फेब्रुवारीत तिला २१ वर्षे पूर्ण होतील. माझा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, प्रायॉरिटी डेट (रांगेतील क्रम ठरवणारी तारीख) २०१६ ची आहे, त्यामुळे ग्रीन कार्डसाठी तिचे वय २१ च्या आतच गोठले आहे असे मित्र सांगतात. कॉलेजने एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेण्यास सुचवले. पण त्याने ती ग्रीन कार्डच्या रांगेतून बाहेर पडेल, शिवाय या मुलांसाठी विधेयकही येत आहे, म्हणून मी थांबलो आहे. अभ्यासावर परिणाम नको म्हणून तिला यातले काही सांगितलेले नाही. पुढे तिने एमएस करावे की एमबीए?’

महोदय,

एमबीएचा विचार काही वर्षे नोकरी केल्यानंतर करावा आणि एमएसचा निर्णय पदवीच्या शेवटच्या वर्षात घ्यावा. त्याविषयी आज यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही. मला अस्वस्थ केले ते ‘तिला सांगितलेले नाही’ या शब्दांनी. ज्या देशात ती लहानाची मोठी झाली तेथे राहण्याचा तिचा आधार काही महिन्यांत संपणार आहे, आणि ही गोष्ट घरात फक्त तिलाच ठाऊक नाही. तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र वीस वर्षांच्या, सज्ञान मुलीच्या वतीने असा धोका परस्पर पत्करण्याचा अधिकार वडिलांनाही नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हे पत्र वाचून झाल्यावर आजच तिच्याशी बोला.

वय गोठल्याचा समज चुकीचा आहे आणि तो अनेक भारतीय कुटुंबांत आढळतो. २००२ च्या कायद्याने मुलाच्या वयातून आय-१४० अर्ज प्रलंबित असलेले दिवस तेवढे वजा होतात, आणि तेही प्रायॉरिटी डेटची पाळी येईल त्या दिवशीचे वय मोजताना. अर्ज प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा शुल्क भरून, दोन-तीन आठवड्यांत मंजूर झाला असेल, तर सवलतही तेवढीच मिळते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार आणि त्यांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्के, या मर्यादा १९९० च्या कायद्यापासून चालत आल्या आहेत. त्यामुळे २०१६ ची तारीख फेब्रुवारीपूर्वी लागेल असे धरून चालता येणार नाही. एफ-१ घेतल्याने मात्र ती रांगेतून बाहेर पडत नाही. त्या सवलतीनुसार तिचे वय २१ च्या आत असताना तुमची पाळी आली, तर एफ-१ वर असूनही तिला तुमच्यासोबत अर्ज करता येतो.

विधेयकाची आशा सोडा, असे मी म्हणणार नाही. परंतु २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केलेली स्थलांतर कायद्यांची व्यापक सुधारणा प्रतिनिधिगृहाने चर्चेलाही घेतली नाही. देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने त्याचा वेगळा मसुदा संमत केला आणि दोन्ही मसुद्यांचा मेळ न बसल्याने ते तेथेच संपले. तुमच्या मुलीसारख्यांसाठीचे ‘अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट’ २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मांडले गेले, पण संमत झाले नाही. त्याच्या मसुद्यातही कायदेशीर वास्तव्याची वर्षे आणि पदवी यांनाच महत्त्व आहे. म्हणजे ते उद्या संमत झाले, तरी ज्या मुलांनी दर्जा टिकवला त्यांनाच त्याचा लाभ मिळण्याची शक्यता अधिक. उलट एच-४ संपल्यावर ती १८० दिवसांहून अधिक काळ तशीच राहिली आणि नंतर देशाबाहेर गेली, तर तिच्यावर तीन वर्षांची प्रवेशबंदी येऊ शकते.

थांबण्याची किंमत ती आजही मोजत आहे. एच-४ वरील मुलांना काम करण्याची परवानगी नसते, त्यामुळे वर्गमित्र पगारी इंटर्नशिप करत असताना तिला घरी बसावे लागले असणार. एफ-१ वर पदवीनंतर १२ महिने आणि तिच्या शाखेमुळे आणखी २४ महिने काम करता येते. काही ठिकाणी एफ-१ मुळे शुल्क वाढते. ते कॉलेजला आधी विचारून घ्या.

कॉलेजकडून आय-२० (एफ-१ साठी लागणारे प्रवेशाचे प्रमाणपत्र) घेऊन दर्जा बदलण्याचा अर्ज २१ व्या वाढदिवसापूर्वी, एच-४ वैध असतानाच दाखल झाला पाहिजे, आणि तो प्रलंबित असताना तिने देशाबाहेर जाऊ नये, अन्यथा अर्ज सोडून दिला असे मानले जाते. एफ-१ साठी शिक्षणानंतर मायदेशी परत जाण्याचा हेतू दाखवावा लागतो आणि ग्रीन कार्डच्या रांगेमुळे त्याचा प्रश्न येतोच, म्हणून कागदपत्रे वकिलाला दाखवा आणि त्या भेटीला मुलीला सोबत न्या. पुढच्या शिक्षणाविषयीचे पत्र तिने स्वतः लिहावे. मी तिलाच उत्तर देईन.