मंडळीला जुनी जागा सोडावी लागत असेल तर विश्वास आणि आशा कशी टिकवायची?

सलाम.

तुम्ही लिहिलंय की निपाणीजवळच्या तुमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, चाळीस वर्षांची जागा येत्या उन्हाळ्यात सोडावी लागणार आहे. म्हातारी माणसं खचलीत, तरुण म्हणतात बरंच झालं, दोन-तीन घरं दुसऱ्या मंडळीत जायच्या बेतात आहेत आणि तुमचं स्वतःचं मन प्रार्थनेत लागत नाही. मी पाळक नाही. निवृत्त नर्स आहे, बेळगावात टिळकवाडीत राहते आणि आमच्या महिला मंडळाचा हिशेब गेली अठरा वर्षं सांभाळते. आमच्यावर ही वेळ २०१५ साली आली होती. आमचं काय झालं, तेवढं सांगते.

आमची जागा भाड्याची होती, एका जुन्या बंगल्यामागचा कौलारू हॉल. मालक वारले, मुलांच्या वाटण्या झाल्या आणि आम्हाला मे अखेरची मुदत मिळाली. कागद त्यांच्या बाजूनं होता, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. शेवटची उपासना ३१ मे २०१५ च्या रविवारी झाली.

त्या हॉलमध्ये बायकांच्या बाजूला बाकडी नव्हती, चटया असायच्या. वयस्कर बायका मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. डोक्याला खोबरेल तेल. वर्षानुवर्षं डोकी टेकून टेकून त्या भिंतीवर हातभर रुंदीचा एक काळपट पट्टा उठला होता. दर नाताळला चुना मारायचो आणि ईस्टर यायच्या आत तो पट्टा चुन्यातून पुन्हा वर यायचा. सामान हलवून झाल्यावर मी झाडू मारायला मागे राहिले होते. हॉल रिकामा, आवाज घुमत होता आणि समोर तेवढा तो पट्टा. खिडकीपासून तिसरी जागा माझ्या आईची. तिथं हात लावला तर बोटांना अजून चिकट लागलं. आई जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी खाली बसले आणि पोटभर रडले.

हे सांगायचं कारण असं, की रडण्याला कुणी अविश्वास म्हणू नये. आमच्याकडे पहिल्याच बैठकीत ती चूक झाली. कुणीतरी उठून म्हणालं, देव काय इमारतीत राहतो का? गोष्ट खरी आहे, पण ती त्या दिवशी बोलायची नव्हती. ज्या माणसाचं लग्न तिथं झालं, ज्याच्या पोराचा बाप्तिस्मा तिथं झाला, ज्याच्या बायकोची शवपेटी तिथल्याच दारातून बाहेर गेली, त्याला हे वाक्य तोंडावर मारल्यासारखं लागतं. तुमच्या बैठकीत हे कुणाला बोलू देऊ नका. निदान पहिले दोन महिने तरी नाही.

आणि हे दुःख काही आपल्याच वाट्याला आलेलं नाही. तुमच्या शेजारच्या हुक्केरी तालुक्यात हिडकल धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उघडं पडतं आणि माणसं चिखल तुडवत तिथं जातात. दरवेळी ते ऐकलं की मला आमची तेलकट भिंत आठवते.

म्हातारे रडतात आणि तरुण खूश आहेत, याचा तुम्हाला त्रास होतोय असं दिसतं. बायबलातल्या एज्राचा ३ रा अध्याय काढून मंडळीसमोर सावकाश वाचा. बाबेलहून परतलेले लोक नव्या मंदिराचा पाया घालतात तेव्हा ज्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते वृद्ध मोठ्यानं रडतात, बाकीचे आनंदानं ओरडतात आणि रडणं कुठलं, जयघोष कुठला, हे लोकांना ओळखू येत नाही. तिथं कुणीही म्हाताऱ्यांना गप्प बसा म्हणत नाही. तरुणांनाही कुणी दटावत नाही. आमच्याकडे हा अध्याय वाचल्यावर एक आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हंजे मी रडलो तरी चालतंय की." त्या दिवसापासून वाद कमी झाले. मिटले असं म्हणणार नाही.

आता आशेचं. आशा आधी येते आणि मग माणूस कामाला लागतो, असं मला वाटायचं. आमच्या बाबतीत ओझं आधी आलं.

तुमच्याकडे पवित्र शास्त्र असेलच, गणनेचा ७ वा अध्याय बघा. निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, रानातून हलवायचा असतो. तो वाहणाऱ्या तीन घराण्यांपैकी गेर्षोनी लोकांना दोन गाड्या आणि चार बैल मिळतात, मरारींना चार गाड्या आणि आठ बैल. कहाथींना मात्र एकही गाडी नाही, कारण सगळ्यांत पवित्र वस्तू त्यांनी खांद्यावर न्यायच्या होत्या. आमच्या पाळकसाहेबांनी यावरून ठरवलं की बाकडी, पंखे, कपाटं टेम्पोत जातील, पण उपासनेच्या वस्तू एकेका घरानं हातानं न्यायच्या आणि नवी जागा मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळायच्या. आणि त्या वस्तू कमिटीतल्या वजनदार माणसांकडे द्यायच्या नाहीत. जी घरं काठावर होती, जायच्या गोष्टी करत होती, त्यांच्याकडे द्यायच्या. एका घरात हार्मोनियम गेला, वाकळेत गुंडाळून. एका घरात प्रभुभोजनाचे पेले. गायनाची पुस्तकं शिवणकाम करणाऱ्या एका विधवा बाईकडे, तिनं सगळ्यांना नवीन खाकी कव्हरं घातली. दोन वर्षांनी पुस्तकं परत आली तेव्हा आधीपेक्षा चांगली होती. ज्याच्या घरात प्रभूच्या मेजाचं कापड घडी करून ठेवलंय, तो माणूस मंडळी सोडताना दहादा विचार करतो. तुम्हीही आधी त्या दोन-तीन घरांकडेच जा, आणि समजूत घालायला जाऊ नका. काहीतरी सांभाळायला द्यायला जा.

एक गोष्ट मात्र कुणाच्या घरी ठेवू नका: बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं. ती पाळकांच्या ताब्यात, लोखंडी कपाटात, आणि हलवण्याआधी सगळी पानं झेरॉक्स करून एक संच वेगळ्या जागी. पासपोर्टला, पेन्शनला, वारसाच्या कामाला लोक त्या नोंदी मागत येतात. आमच्याकडे एक जुनं रजिस्टर स्थलांतराच्या धावपळीत चार महिने सापडत नव्हतं, ते दिवस आठवले तरी पोटात गोळा येतो.

मग आमचा पाहुणेपणाचा काळ सुरू झाला. रुळांच्या पलीकडे, कॅम्पच्या बाजूला एका कन्नड मंडळीनं आपली इमारत आम्हाला रविवारी दुपारी चारला वापरायला दिली. भाडं घेतलं नाही, फक्त लाइट बिलाचा वाटा. पहिल्या दिवशी आम्ही चोरासारखे दारात उभे होतो. आत बघतो तर जमखाने अंथरलेले, पाण्याचा हंडा भरलेला आणि दोन बायका मुद्दाम थांबलेल्या, "बन्री अक्का, बन्री" म्हणत. (तुम्हालाही असा आसरा मिळाला तर वेळ, किल्ली, बिल, साफसफाई हे सगळं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. प्रेम टिकवायला ते फार उपयोगी पडतं.)

तरीही मला ते आपलं वाटेना. जुनी जागा चालत पाच मिनिटांवर होती, आता दुसरं रेल्वे गेट ओलांडून जायचं. गेट पडलं की रिक्षात बसून राहायचं. पोचेपर्यंत पहिलं गीत संपलेलं. जुलैच्या पावसात मी लागोपाठ तीन रविवार गेले नाही. घरी प्रार्थना करायला बसले तरी शब्द फुटायचे नाहीत. चाळीस वर्षं प्रार्थना करत आलेली बाई मी, मला वाटलं माझा विश्वास त्या हॉलपुरताच होता की काय.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या एक आक्का दारात रिक्षातून उतरल्या. वय ८१. पदराला पाणी गळत होतं.

"काय गं, बरं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "बरी आहे आक्का. पण तिथं देव आहे असं वाटतच नाही मला."

त्या खुर्चीत बसल्या, चष्मा पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "देव काय, मला घरातबी भेटतोय. पहाटे चारला उठून बसतो की मी. खरं तुम्ही न्हाई भेटत घरात. तुमच्यासाठनं येतो मी, त्या गेटात भिजत बसून. आणि तूच न्हाईस."

मी चहा टाकायला आत गेले आणि गॅस पेटवायचंच विसरले. पुढच्या रविवारी आक्कांना न्यायला रिक्षा घेऊन मीच गेले. मग त्यांना आणायचं काम माझंच झालं, त्या जाईपर्यंत. तुमचं मन प्रार्थनेत लागत नाही ना? तर काही दिवस स्वतःच्या मनाचा पिच्छा सोडा आणि ज्यांना एकट्यानं येता येत नाही अशा एका माणसाला आणायची जबाबदारी घ्या. माझा विश्वास परत आला तो असा, दुसऱ्या कुणाला रिक्षातून उतरवताना.

त्याच वर्षी १ नोव्हेंबर रविवारी आला. बेळगावात १ नोव्हेंबर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या मराठी लोकांचा काळा दिवस, कन्नड लोकांचा राज्योत्सव, दोन्हीकडच्या मिरवणुका, रस्ते बंद. आमच्यातली काही पोरं फेरीला जाणारी, त्यांच्यातली काही मिरवणुकीला. शनिवारी त्या कन्नड मंडळीच्या पाळकांचा फोन आला: दुपारी तुम्हाला पोचता येणार नाही, सकाळीच या, एकत्र बसू. आमच्याकडे कुजबुज झाली, खोटं कशाला बोलू. तरी तीसेक माणसं गेलो. १२१ वं स्तोत्र एक ओवी मराठीत, एक कन्नडमध्ये असं वाचलं. मग प्रभूची प्रार्थना, दोन्ही भाषांत एकदम. आम्ही "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणतोय, शेजारी "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" चाललंय. शेवटाला आमचं आधी संपलं. आम्ही डोळे मिटून गप्प उभे राहिलो, त्यांचं संपायची वाट बघत. आणि मग सगळ्यांचं मिळून एकच आमेन. बाहेर कुठंतरी ढोल वाजत होता. आमच्या स्वतःच्या हॉलमध्ये असतो तर हे आम्हाला आयुष्यात ऐकायला मिळालं नसतं.

सगळं गोड झालं नाही. जागा सोडली तेव्हा आमची ६४ घरं होती. ११ घरं गेली, त्यातली चार परत आली, सात आली नाहीत. त्यातल्या एका घरात माझी बालमैत्रीण आहे. रस्त्यात भेटतो, बोलतो, पण नाताळचा फराळ आता एकत्र होत नाही. तुमचीही काही माणसं जातील. त्यांना जाताना आशीर्वाद द्या, परतायचं दार उघडं राहतं.

आणि मंडळीच संपेल अशी भीती वाटत असेल तर मागे वळून बघा. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्ट मिशनकडे गेलं. मिशन बदललं, साहेब गेले, राज्यं बदलली, खुद्द गावाचं सरकारी नाव २०१४ मध्ये बदललं. मराठीत उपासना अजून चालू आहे.

डिसेंबर २०१७ पासून आम्ही अनगोळात एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहोत. पत्र्याचं छत. आपल्या इकडचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला की पाळकसाहेबांचं एक अक्षर ऐकू येत नाही. ते हसून पुस्तक मिटतात आणि आम्ही गायला लागतो. ही जागाही कायमची नाही, करार अकरा-अकरा महिन्यांचा आहे.

राहता राहिली एक वस्तू. निर्गमाच्या २५ व्या अध्यायात कराराच्या कोशाला, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पवित्र पेटीला, बाभळीच्या लाकडाचे दांडे करायला सांगितलेत आणि ते कड्यांतून काढू नयेत असंही सांगितलंय. पहिल्या राजेच्या ८ व्या अध्यायात कोश शलमोनाच्या पक्क्या दगडी मंदिरात पोचतो, तरी ते दांडे लावलेलेच असतात. हे वाचून आमच्या मंडळीतल्या एका सुतार भावांनी प्रभुभोजनाच्या सामानासाठी लाकडी पेटी केली, दोन्ही बाजूंना बाभळीचे दांडे. अनगोळात आल्यावर ती मेजाखाली मावेना. दांडे कापू का, म्हणून त्यांनी विचारलं. पाळकसाहेब नको म्हणाले.

आता आमच्याकडे सामानाला कपाट झालंय आणि पेटी रिकामीच असते. मी कमिटीत विचारलंय, सगळ्यांची संमती आहे. तुमची हलायची तारीख ठरली की इथंच कळवा आणि निपाणीहून दोन माणसं पाठवा. एकट्याला ती उचलत नाही.