आईंच्या मेंदूतला फुगा आणि नवी कॉइल: सही करण्याआधी

भाऊ, दिग्रसकडच्या गावाहून तुम्ही आईंना नागपूरला नेलं, मेंदूच्या धमनीत न फुटलेला फुगा निघाला, आणि आता त्यात भरायच्या नव्या कॉइलच्या (बारीक तारेच्या वेटोळ्याच्या) चाचणीसाठी सही मागितली आहे. द्यायची का, हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये (रक्तवाहिनीत नळी घालून तपासणी-उपचार करतात त्या विभागात) तंत्रज्ञ होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

फुगा फुटलेला नाही, म्हणजे विचाराला वेळ आहे. आधी डॉक्टरांना हे विचारा की यावर आत्ता उपचार हवाच का? लहान फुग्यावर कधीकधी नुसती नजर ठेवतात.

कॉइल भरणं हा प्रकार नवा नाही. इटालियन डॉक्टर गुग्लिएल्मींची प्लॅटिनमची कॉइल 1990 मध्ये पहिल्यांदा माणसात वापरली गेली. जांघेतून नळी मेंदूपर्यंत नेतात. पडद्यावर पहिली कॉइल फुग्यात गोल गोल फिरून टोपल्यासारखी बसताना दिसते, मग आत बारीक कॉइली भरत जातात. बारीकसा वीजप्रवाह दिला की कॉइल तारेपासून सुटते. फुटलेल्या फुग्यांच्या ‘आयसॅट’ चाचणीत (2002, 2,143 रुग्ण) वर्षानंतर दगावलेले किंवा परावलंबी झालेले कॉइल गटात 23.7 टक्के होते, कवटी उघडून क्लिप लावलेल्या गटात 30.6 टक्के.

अडचण पुढे येते. कॉइल भरलेल्यांपैकी साधारण पाचातला एक फुगा पुन्हा थोडाफार उघडतो, म्हणजे त्यात परत रक्त शिरतं. म्हणूनच कंपन्या कॉइलवर वेगवेगळे लेप देऊन किंवा आत विरघळणारा धागा घालून पाहतात. ‘सेरेसाइट’ (आत धागा) आणि ‘मॅट्रिक्स’ (वरून लेप) या कॉइली मोठ्या चाचण्यांत साध्या प्लॅटिनमपेक्षा सरस ठरल्या नाहीत. तेव्हा नवी म्हणून चांगली समजू नका, आणि आईवर प्रयोग करतात म्हणून घाबरूही नका.

माझ्या मते सगळा निर्णय फेरतपासणीवर ठरतो. उघडलेला फुगा बहुतेक वेळा दुखत नाही, तो फक्त अँजिओग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतो. ही तारीख नेमकी कापूस वेचणीत किंवा सोयाबीनच्या सवंगणीत आली की वावर सोडून नागपूरला कोण जाणार? पेशंट बरा दिसला की घरचे टाळतात, हे मी पुष्कळदा पाहिलं, आणि फार वाईट वाटायचं. साध्या कॉइललाही फेरतपासणी लागतेच. म्हणून आईसोबत कोण येणार हे आजच ठरवा, आणि दोघांचा प्रवासखर्च चाचणीतून मिळतो का ते लेखी घ्या.

संमतीपत्र मराठीतच मागा, त्याची प्रत घरी ठेवा. त्यावर सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीचा फोन आहे का ते बघा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार? कुठली कॉइल बसणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवणार की सगळ्यांना नवीच? मधूनच बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार सुरू राहतील ना? आईंना वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. आणि कागद त्यांच्यासमोरच वाचा भाऊ. अंगठा त्यांचा आहे, होकारही त्यांचाच हवा.

तोवर बीपीची गोळी चुकू देऊ नका. अचानक कधी नव्हे एवढं डोकं दुखलं, उलटी झाली किंवा शुद्ध हरपली, तर थेट 108 ला फोन करा. रिपोर्टमधला फुग्याचा आकार आणि फुग्याच्या मानेची (तोंडाची) रुंदी आईंचं नाव झाकून इथे टाका, म्हणजे डॉक्टरांना आणखी काय विचारायचं ते सांगतो.