१९७४ची कॉर्व्हेट स्टिंगरे कूपे (शेव्हरोलेची अमेरिकी स्पोर्ट्स कार) घेतली आहे. मूळ रूपात सांभाळू की इंजिनाची ताकद वाढवू?

तुम्ही लिहिलंय की गाडी कॅलिफोर्नियात आहे, ३५० इंजिन आहे, ऑटोमॅटिक आहे आणि 'नाव एवढं मोठं, पण ओढत नाही'. ओढणार नाहीच. १९७४च्या साध्या एल-४८ इंजिनाची ताकद १९५ हॉर्सपॉवर. चारच वर्षं आधीच्या एलटी-१ या जोरदार इंजिनाला त्याच ३५० घनइंचात ३७० लिहायचे. यातली काही घट कागदावरची आहे, कारण १९७२पासून ताकद सायलेन्सर, फिल्टर, अल्टरनेटर सगळं जोडून मोजायला लागले. पण काही खरीही आहे. १९७१मध्ये कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) उतरवलं, ते तुमच्या इंजिनातही उतरलेलंच आहे.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि याच पिढीची, म्हणजे १९६८ ते ८२मधली एक कॉर्व्हेट बाळगून आहे. माझं मत सरळ आहे: बदल करा, खुशाल करा, पण ताकद सगळ्यात शेवटी. आधी गाडी नीट थांबली पाहिजे. आणि जे काढाल ते फेकू नका, खोक्यात घालून नाव लिहून ठेवा.

पैसे घालायच्या आधी गंज बघा. फायबरग्लासची बॉडी गंजत नाही हा विकणाऱ्यांचा लाडका मुद्दा. पण आत, काचेभोवती आणि दारांभोवती, लोखंडी सांगाडा आहे. त्याला इथे बर्डकेज म्हणतात, आणि तो मनसोक्त गंजतो. पुढच्या काचेच्या कोपऱ्यांतून पाणी शिरतं, खांबांतून उतरतं आणि पायापाशी साठतं. ड्रायव्हरच्या डाव्या पायाशेजारचं प्लॅस्टिकचं पॅनल काढा, आत टॉर्च मारा, स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोचून बघा. तसंच मागच्या चाकाच्या पुढे चॅसी जिथे वर वळते तिथेही टोचा. टोक आत गेलं तर बॉडी चॅसीवरून उतरवायचं काम निघतं, आणि मग बाकीची चर्चा बाजूला.

ब्रेक हे या गाडीचं खरं दुखणं. चारही चाकांना डिस्क, प्रत्येक कॅलिपरमध्ये ४ पिस्टन, म्हणजे एकूण १६. १९६५मध्ये ही रचना आली तेव्हा भारीच होती. पण कॅलिपर बिडाचे. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, गाडी महिनोन्महिने उभी राहते, आणि पिस्टन सरकतात त्या भोकांत गंजाचे खड्डे पडतात. मग कितीही नवे सील घाला, गळती ठरलेली. स्टेनलेस स्टीलचे स्लीव्ह घातलेले कॅलिपर जुने देऊन बदलून मिळतात, तेच घ्या. ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदला.

दुसरा प्रकार जास्त फसवा. ब्रेक ब्लीड केले, म्हणजे ऑइलमधली हवा काढली, पेडल कडक लागलं, आपण खूश. दोन-तीनशे मैल झाले की पेडल परत मऊ. ऑइल कुठे गळत नाही. लोक मास्टर सिलिंडर बदलतात, तरी तेच. खरं कारण बहुतेक वेळा मागच्या चाकांत असतं. डिस्क किंचित डुलत फिरते, प्रत्येक फेऱ्याला पिस्टन आत-बाहेर हलतात, आणि सीलच्या ओठाखालून हवा आत खेचली जाते. कॅलिपर ब्रेकऐवजी सायकलच्या पंपाचं काम करायला लागतो! कारखान्यात डिस्क हबला रिव्हेटने जोडून मग एकत्रच घासली जायची. नंतर कुणी रिव्हेट उडवून नवी डिस्क नुसती चढवली की ती अचूकता गेली. डायल गेज (डोल मोजायचं काट्याचं मापक) लावा. डोल ०.००५ इंचाच्या आत हवा. मी ०.००३च्या आत आल्याशिवाय चाक चढवत नाही. जास्त असेल तर डिस्क एक-एक भोक पुढे फिरवून बसवून बघायची, तरी नाही जमलं तर मध्ये पातळ शिम (पत्र्याची चकती).

चाक उघडलंच आहे तर बाकीचंही बघून घ्या. मागच्या सस्पेन्शनमध्ये वरचा कंट्रोल आर्म नाहीच, हाफ शाफ्टच (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) ते काम करतो. त्यामुळे त्याचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आणि डिफरन्शियलमधली टोकं दोन्ही झिजतात. चाक वर-खाली धरून हलवून बघा. मागच्या बेअरिंगमध्ये ग्रीस गनने ग्रीस जात नाही. ती खोलायला प्रेस लागतो आणि पुन्हा बसवताना खेळ हजारांश इंचात मोजावा लागतो. हे काम जाणकाराकडेच द्या. आणि हो, आपले १०-१२-१४चे पाने इथे कामाचे नाहीत, १/२ आणि ९/१६ इंचीचा सेट घ्या.

वायरिंगची बहुतेक भुतं अर्थिंगमध्ये असतात. बॉडी फायबरग्लासची, ती अर्थ देत नाही, प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर आहे. दिवा मंद झाला तर बल्ब नंतर, आधी तिचं टोक घासा. हेडलाइट मात्र इंजिनाच्या व्हॅक्यूमवर वर येतात. एक उठला आणि दुसरा झोपलेलाच राहिला तर हातपंपाने एकेक नळी तपासत जा, घाईने सगळा संच विकत घेऊ नका. गाडी तापत असेल तर कधी तापते ते बघा. सिग्नलला तापली तर फॅनचा क्लच. हायवेवर तापली तर रेडिएटरच्या कडेचे फोमचे सील आणि बंपरखालचा एअर डॅम जागेवर आहेत का बघा, कारण ही गाडी हवा मुख्यतः खालून घेते आणि जुने मालक हे तुकडे हमखास काढून टाकतात.

आता बदल. माझ्या मते पहिला, आणि कदाचित सगळ्यात समाधान देणारा, म्हणजे मागचा आडवा पाटा (लीफ स्प्रिंग). लोखंडी पाटा जवळपास २० किलोचा. १९८१मध्ये कंपनीने स्वतःच ऑटोमॅटिक गाड्यांत फायबरग्लासचा दिला, तो ४ किलोच्या आत. तुमच्या गाडीला बसणारे मिळतात, मागचा भाग हलका होतो आणि वाटलं तर जुना परत लावता येतो. त्यानंतर गिअरबॉक्स. तुमचा टर्बो-हायड्रामॅटिक ४०० तीनच गिअरचा आहे, हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं. ओव्हरड्राइव्हचा चार गिअरचा ७००-आर४ घातला की गाडी लांबच्या प्रवासाला तयार होते.

इग्निशनमध्ये एक खोच आहे. १९७४पर्यंत आरपीएमचा काटा डिस्ट्रिब्युटरमधून निघणाऱ्या केबलवर चालतो. १९७५पासूनचा एचईआय (पॉइंटशिवायचा इलेक्ट्रॉनिक) डिस्ट्रिब्युटर सरळ उचलून लावला तर काटा मेला. त्यापेक्षा जुन्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा, बाहेरून कळतही नाही. क्वाड्राजेट कार्बोरेटर काढायचा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. ऐकू नका. तो नीट बांधला तर उत्तम आहे. फक्त खालच्या बुचांतून पेट्रोल झिरपतं का, तेवढं बांधताना बघून घ्यायला सांगा.

एवढं झाल्यावर ताकद. लहान चेंबरची अॅल्युमिनियम हेड आणि रोलर कॅम (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), बस. कॉम्प्रेशन वर येतं आणि गाडी खरंच जागी होते. मूळ कॅम ठेवलात तर जस्त जास्त असलेलं ऑइल वापरा, आजच्या साध्या ऑइलवर त्या कॅमचे लोब घासले जातात. जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं एलएस इंजिन घालायचं म्हणाल तर त्यासोबत पेट्रोलचा पंप, वायरिंग, एक्झॉस्ट, कूलिंग सगळंच आलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तुमचं इंजिन फुटलेलं असेल तरच त्या वाटेला जा. धुराच्या तपासणीची काळजी नको, कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट नाही.

इंजिन उघडायच्या आधी एक काम कराच. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते, तिच्यावर ठोकलेले आकडे गाडीच्या नंबराशी जुळतात का बघा. जुळत असतील तर फोटो काढून ठेवा आणि मशीन शॉपला लेखी सांगा की ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासायचा नाही. घासला की आकडे गेले, आणि विकताना 'मूळ इंजिन' म्हणायचा पुरावाही गेला. जुळत नसतील तर तुम्ही मोकळे.